नाव ओळीच्या शेवटीच का हवे?

नौपाड्यातल्या एका बारशासाठी गेल्या महिन्यात मी पाळणा लिहिला. मुलीचे नाव मृणाल. पाळण्यात हवेसे वाटणारे बाळ, आभाळ, माळ, लडिवाळ हे शब्द भराभर सुचत गेले आणि 'आभाळ–मृणाल' अशी जोडी मी निर्धास्तपणे कागदावर उतरवली. म्हणून दाखवताना मावशीने पहिल्याच कडव्याला थांबवले. "अगं, ळ आणि ल जुळतात का कधी?" तिचे म्हणणे अगदी खरे होते. ल शोधायला गेले तर हाती आले गुलाल, महाल, मशाल, खुशाल. त्यातला एकही शब्द बारा दिवसांच्या मुलीला शोभणारा नव्हता.

नाव ओळीच्या शेवटीच बसवण्याचा हट्ट सोडावा, असे माझे ठाम मत आहे. आपल्या संतांनी अभंगात स्वतःचे नाव कुठे ठेवले ते पाहावे. मोठ्या अभंगाचे चरण ६, ६, ६ आणि ४ अक्षरांचे असतात आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे जुळते; 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'जनी म्हणे' ही नाममुद्रा मात्र बहुधा शेवटच्या कडव्याच्या पहिल्या चरणात येते, जिथे यमकाचे बंधनच नसते. 'एका जनार्दनी' तर मोजून ६ अक्षरांचे, म्हणजे नावानेच अख्खा चरण भरतो. उखाण्यातही रावांचे नाव बहुतेक वेळा ओळीच्या मध्येच येते आणि यमक दुसऱ्याच शब्दावर पडते.

काही नावे यमकाला उदार असतात, हे मान्य. आदित्यला साहित्य आणि लालित्य मिळते, अथर्वला पर्व आणि सर्व, स्वराला झरा आणि धरा. अशा वेळी जरूर जुळवावे. पण शौर्य हे नाव घेतले की क्रौर्य आणि चौर्य पुढे उभे राहतात, आणि केवळ नाद जुळतो म्हणून ते शब्द लेकराच्या नावाशेजारी बसवणे मला पटत नाही. नावाला प्रत्यय लावून 'मृणालची–आईची' असे जुळवणे ही तर निव्वळ पळवाट आहे, कारण तिथे यमक प्रत्ययाचे जुळते आणि नाव बिचारे तसेच राहते.

शेवटी मी मृणालला ओळीच्या आरंभी आणले, आणि बारशात कानाशी जे म्हणतात तोच शब्द यमकाला घेतला:

मृणाल नावाची कानात कुर्र,
घरट्यामधली चिमणी भुर्र!

दोन्ही ओळी ११ अक्षरांच्या झाल्या. बारशाच्या दिवशी आत्या पाळण्यावर वाकली तेव्हा जमलेल्या बायकांनी त्या लागोपाठ तीनदा म्हटल्या, आणि मावशीचा आवाज त्यात सगळ्यांत वर होता.