लिव्होनियन म्हणे संस्कृतची लेक!

मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला तो फॉरवर्ड एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. म्हणे लाटव्हियातली लिव्होनियन ही लाटव्हियनचीच एक गावंढळ बोली, मूळ संस्कृत, लिपी कधी नव्हतीच, आणि 2013 ला ती बोलणारी शेवटची बाई वारली नि खेळ खल्लास, कारण लोकांनाच ती नकोशी झालेली. खाली सगळ्यांचे हात जोडलेले.

आधी संस्कृतचं बघू, डोकं तिथेच फिरलं. लिथुआनियन, लाटव्हियन यांचं संस्कृतशी नातं आहे, मान्य, तेही चुलत. पण लिव्होनियन त्या घरातली नाहीच हो! लाटव्हियन आकडे घ्या: विएन्स, दिवि, त्रीस, चेत्रि. द्वि, त्रि कानावर येतंच. आता लिव्होनियन: इक्श, काक्श, कुओल्म, नेल्या. आणि एस्टोनियन: उक्स, काक्स, कोल्म, नेली. फिनिशमध्येही काक्सी, कोल्मे, नेल्या. कोणाची बहीण कोण हे शाळकरी पोरगंही सांगेल. शेजारी राहते म्हणून बोली म्हणायचं तर मेळघाटातली कोरकू पण मराठीची बोली म्हणा की मग.

शेकडो वर्षांच्या शेजारामुळे लिव्होनियनमध्ये लाटव्हियन शब्द, अगदी क्रियापदाचे उपसर्गसुद्धा घुसलेत, हे खरंय, तेवढं देतो. पण लाटव्हियाचा 1999 चा भाषा कायदा वाचा: लाटव्हियन सोडून देशातली दुसरी कुठलीही भाषा परकी, अपवाद फक्त लिव्होनियनचा. रशियन बोलणारे लाखो, तरी ती परकी, आणि ही मूठभरांची भाषा मात्र मूळ रहिवाशांची म्हणून जपायची जबाबदारी सरकारवर. बोलीसाठी असं कलम कोण घालतं?

शेवटची बाई म्हणजे ग्रिझेल्दा क्रिस्तिन्या. आईच्या दुधाबरोबर लिव्होनियन शिकलेल्या जुन्या पिढीतल्या त्या शेवटच्या, हे बरोबर. पण शिकून बोलणारे आजही आहेत, थोडेच का होईना, 2018 पासून लाटव्हिया विद्यापीठात लिव्होनियन इन्स्टिट्यूट आहे, एक जोडपं तर मुलीला घरात हीच भाषा बोलून वाढवतंय.

आणि "नकोशी झाली"? हे वाक्य लिहिणाऱ्याला समोर बसवून विचारावंसं वाटतं की बाबा, ग्रिझेल्दा कॅनडात कशा पोचल्या? 1944 ला युद्धातून बोटीने स्वीडनला निसटल्या, तिथून पुढे कॅनडा. मागे राहिलेल्यांची गावं कुर्झेमेच्या, म्हणजे पश्चिम लाटव्हियाच्या किनाऱ्यावर, धंदा मासेमारीचा, आणि सोव्हिएत काळात तो किनारा लष्करी सीमाभाग. समुद्रात जायला बंधनं, किनाऱ्यावर पहारा. माझिर्बे नावाच्या त्यांच्या गावाला होड्या जंगलात कुजत पडल्या. पोटच भरेना म्हटल्यावर पोरं रीगा नि व्हेंट्सपिल्सला गेली, तिकडे घरात कुणाशी बोलणार? याला नकोशी म्हणतात?

राहिली लिपी. 1863 ला लंडनमध्ये या भाषेत मत्तयाचं शुभवर्तमान छापलंय, तेही किनाऱ्यावरच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन बोलींत. म्हणजे जिला बोली म्हणताय तिच्याच दोन बोली, आणि दोन्ही छापील.