ग्रेट अवेकनिंग म्हणजे विज्ञानाविरुद्धचे बंड नव्हते

एक दावा बराच फिरतो आहे. १७४० च्या सुमारास अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत धर्मजागृतीची जी लाट आली, म्हणजे ‘ग्रेट अवेकनिंग’, ते विज्ञानाला घाबरलेल्या अडाण्यांचे प्रबोधनाविरुद्धचे, म्हणजे त्या काळच्या बुद्धिवादी विचारांविरुद्धचे, बंड होते. विवेकवाद्यांनी त्यांना हरवले, म्हणून अमेरिकेला धर्मस्वातंत्र्य मिळाले.

आधी ‘अडाणी’. या लाटेचा सर्वांत मोठा विचारवंत जोनाथन एडवर्ड्स हा येलचा पदवीधर (१७२०), तत्त्वज्ञ जॉन लॉक आणि शास्त्रज्ञ न्यूटन वाचून वाढलेला. कोळी हवेतून तरंगत कसे जातात, याची निरीक्षणे त्याने १७२३ मध्ये लिहून काढली होती. मध गोड असतो हे माहीत असणे वेगळे आणि ती गोडी जिभेला कळणे वेगळे, धर्माचेही तसेच, असे तो १७३४ मध्ये छापलेल्या प्रवचनात सांगतो. यामागे लॉकचा अनुभववाद, म्हणजे ज्ञान अनुभवातून येते हा विचार, उघड दिसतो. पण पाठ्यपुस्तकांत जाते ते त्याचे १७४१ चे एन्फील्डचे नरकाग्नीचे प्रवचन. मग लोक त्याला तेवढ्यावरूनच ओळखतात.

त्याचा धर्मभावनांवरचा १७४६ चा ग्रंथ मात्र भाबडेपणाच्या नेमका उलट आहे. भावनेची तीव्रता, अंगाला सुटलेला कंप, धर्माविषयी भरभरून बोलणे, बायबलची वचने आपोआप आठवणे अशी, लोक खऱ्या धर्मभावनेची समजत ती, बारा लक्षणे घेऊन तो दाखवतो की यांवरून काहीच सिद्ध होत नाही, ना खरेपणा ना ढोंग. नंतर खरी बारा लक्षणे देतो. त्यांतले शेवटचे म्हणजे माणसाचे प्रत्यक्ष आचरण. या काटेकोरपणाला कारणही होते. मार्च १७४३ मध्ये न्यू लंडनला या लाटेतल्या जेम्स डॅव्हनपोर्ट या प्रवचनकाराने अनुयायांकडून धर्मग्रंथांची होळी करवली होती. दाव्यात तथ्य आहे ते एवढेच, आणि पुढच्याच वर्षी डॅव्हनपोर्टने जाहीरपणे चूक कबूल केली.

‘विज्ञानाला घाबरलेले’ हा आरोप तर बॉस्टनच्या १७२१ च्या देवीच्या साथीपुढे टिकतच नाही. ही साथ लाटेच्या वीस वर्षे आधीची, पण धर्मगुरू आणि विज्ञान यांचे नाते त्यात स्पष्ट दिसते. कॉटन मॅदर या प्युरिटन (कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट पंथाच्या) धर्मगुरूला देवी टोचण्याची पद्धत ओनेसिमस या आफ्रिकन गुलामाकडून कळली: रुग्णाच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या त्वचेला छेद देऊन आत सोडायचा. झॅब्डिएल बॉइल्स्टन या डॉक्टरने सुमारे २४० जणांना टोचले, त्यांतले ६ दगावले. शहरात लागण झालेल्या सुमारे ५,९०० लोकांपैकी ८४४ मेले, म्हणजे शंभरात चौदा. विरोध कोणाचा? शहरातला एकमेव पदवीधर डॉक्टर विल्यम डग्लसचा, आणि जेम्स फ्रँकलिनच्या वृत्तपत्राचा, जिथे धाकटा भाऊ बेंजामिन उमेदवारी करत होता. त्यांचा एक मुद्दा खोटा नव्हता: टोचलेल्या माणसाला खरीच देवी येई, सौम्य असली तरी, आणि ती इतरांना लागू शके. पुढे एडवर्ड्स स्वतः प्रिन्स्टनला टोचून घेऊन त्यातच मार्च १७५८ मध्ये वारला.

प्रबोधनाचा मेरुमणी समजला जाणारा बेंजामिन फ्रँकलिन आणि लाटेचा सर्वांत गाजलेला प्रवचनकार जॉर्ज व्हाइटफील्ड यांचे वैर असायला हवे होते. उलट फ्रँकलिनने त्याची प्रवचने छापून विकली. फिलाडेल्फियात तो बोलत असताना फ्रँकलिन आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत मागे मागे गेला, त्या अंतराचे अर्धवर्तुळ धरले, माणशी दोन चौरस फूट दिले आणि ३० हजारांहून अधिक लोकांना ऐकू जाईल असा हिशेब मांडला. व्हाइटफील्डसाठी बांधलेल्या सभागृहातच पुढे फ्रँकलिनची अकादमी भरली. तिचेच आजचे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ. (एडवर्ड्सच्या परंपरेतले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले, त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ काढले, त्यात विज्ञानावरचे लेखही येत.)

राहिले धर्मस्वातंत्र्य. इथे दावा चक्क उलटा आहे. भावनेपेक्षा बुद्धीला वरचे स्थान देणारे, लाटेच्या विरोधातले ‘ओल्ड लाइट’ धर्मगुरू बहुधा सरकारमान्य चर्चच्या बाजूचे. फिरत्या प्रवचनकारांना आळा घालणारा कायदा कनेक्टिकटने १७४२ मध्ये केला तो जुन्या व्यवस्थेच्या बचावासाठीच. व्हर्जिनियात परवान्याशिवाय उपदेश करणारे बाप्टिस्ट, म्हणजे सरकारमान्य चर्चबाहेरच्या एका प्रोटेस्टंट पंथाचे लोक, तुरुंगात पडत. शेजारच्या काउंटीत पाच-सहा जण असे डांबले आहेत, हे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला जेम्स मॅडिसन १७७४ च्या पत्रात संतापाने लिहितो. १७८५ मध्ये व्हर्जिनियातल्या, धर्मशिक्षकांसाठी कर लावण्याच्या विधेयकाविरुद्ध मॅडिसनने अर्ज लिहिला खरा, पण या धर्मजागृतीतून आलेल्या लोकांच्या अर्जांवर त्याच्या अर्जापेक्षा जास्त सह्या होत्या. थॉमस जेफरसन या दुसऱ्या भावी राष्ट्राध्यक्षाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा व्हर्जिनियात १७८६ मध्ये मंजूर झाला तो विवेकवादी आणि धर्मजागृतीवाले यांच्या या युतीच्या जोरावर.

धर्म आणि शासन यांच्यातल्या ‘भिंती’चे जेफरसनचे पत्रही डॅनबरीच्या बाप्टिस्टांनाच होते, १ जानेवारी १८०२ चे. त्याच दिवशी बाप्टिस्ट उपदेशक जॉन लीलंडने मॅसॅच्युसेट्समधल्या चेशरच्या लोकांनी केलेले १,२३५ पौंडांचे, म्हणजे सुमारे ५६० किलोंचे चीज जेफरसनला भेट दिले.