आधी बघा, मग मल्वी काढा

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार.

भाचीची मीडिया स्टडीजची असाइनमेंट तपासून परत आली. विषय असा की एक पॉप म्युझिक व्हिडिओ घ्या आणि त्याला माध्यम-सिद्धांत लावा. तिने १९८६चा, रॉबर्ट पामरचा 'अ‍ॅडिक्टेड टू लव्ह' घेतला होता. टाय लावलेला गायक पुढे, मागे पाच मॉडेल. सारखे काळे कपडे, सारखे चापून बसवलेले केस, सारखे लाल ओठ, आणि प्रत्येकीपुढे एक वाद्य. वाजवत कुणीच नाही, सगळं सोंग.

पोरीने तो आधी आवाज बंद करून बघितला, मग आवाज लावून, आणि लिहिलं: 'या पाचजणी एका तालात डोलतच नाहीत. प्रत्येकीचा ठेका वेगळा. वाद्यं त्यांच्याकडे आहेत पण संगीत त्यांचं नाही, म्हणून ताल चुकला तरी कुणाचं काही बिघडत नाही.'

या ओळींवर लाल रेघ. समासात शेरा: वैयक्तिक निरीक्षण, सिद्धांत कुठे?

आणि पुढच्या पानावर 'व्हिडिओत मेल गेझ (म्हणजे बाईकडे बघण्याची वस्तू म्हणून पाहणारी पुरुषी नजर) दिसून येतो' या वाक्याला बरोबरची खूण! हे वाक्य कुठल्याही व्हिडिओखाली चिकटवा, चिकटतं. ते लिहायला व्हिडिओ बघावा लागत नाही.

मेल गेझची ही कल्पना सिनेमाची अभ्यासक लॉरा मल्वीची. तिचा तो निबंध १९७५ साली 'स्क्रीन' नियतकालिकात आला, तो हॉलिवूडच्या कथापटांबद्दल. काळोखं थिएटर, गोष्ट, आणि ज्याच्या डोळ्यांनी आपण नायिकेकडे बघतो तो नायक. तिथली पात्रं कॅमेरा नसल्यासारखीच वागतात. इथे? पाचहीजणी थेट कॅमेऱ्यात बघतायत. पामरही आपल्याकडे बघून गातोय. मग मधला तो बघणारा नायक कोण? दिग्दर्शक टेरेन्स डोनोव्हन मूळचा फॅशन फोटोग्राफर, आणि ती चौकट आहेच मासिकाच्या पानासारखी, हलणारी. म्हणजे मल्वी लावायची तर आधी ती कुठे बसत नाही ते सांगायला हवं. खरं काम तिथून सुरू होतं. पण त्याला मार्क नाहीत, कारण तपासणाऱ्याच्या मार्क द्यायच्या तक्त्यात तेवढा रकानाच नाही.

बरं, मान्य. गठ्ठाभर पेपर तपासायचे तर तक्ता लागतो. आणि थिअरीच नसेल तर निम्मी मुलं 'व्हिडिओ खूप छान आहे' लिहून मोकळी होतात, हेही खरं. झालं, मान्य केलं.

पण म्युझिक व्हिडिओचा अभ्यासक अँड्र्यू गुडविन, त्याचं काय केलंय बघा. १९९२च्या पुस्तकात हा माणूस जीव तोडून सांगत होता की म्युझिक व्हिडिओला सिनेमाची पट्टी लावू नका, आधी संगीत ऐका. चित्र कधी गाण्याचे शब्द दाखवतं, कधी त्यात भर घालतं, कधी त्यांच्या उलट जातं. तर वर्गावर्गातून त्याचीच कलमं करून वाटली. स्टारचे क्लोज-अप आहेत का? आहेत. दुसऱ्या कलाकृतींचे संदर्भ आहेत का? आहेत. चला पुढे. ऐका म्हणणाऱ्या माणसाची यादी करून ठेवली आणि ऐकणं तेवढं गाळलं! पाच बायका पाच ठेक्यांवर डोलतात हे ज्या मुलीला दिसलं, तिने गुडविनचं नाव न घेता गुडविन केला होता. लाल रेघ तिलाच.

माध्यमांचा अभ्यासक स्टुअर्ट हॉल, त्याची तर दयाच येते. प्रेक्षक माध्यमांतला संदेश कसा वाचतो, त्याच्या तीन भूमिका सांगितल्या त्याने: सांगितलं तसं मान्य करणारी, काही मानून काही नाकारणारी, आणि सरळ विरोधी. मी असे बरेच निबंध वाचलेत. एकजात सगळे मधल्या भूमिकेत. नाकारतात नेमकं काय, ते मात्र कुणी लिहीत नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. कारण तिने तो व्हिडिओ पुन्हा लावला आणि माझा पाय ठेका धरायला लागला. गाणं मला आवडतं, काय करू? 'इतका कीस पाडलास तर ऐकणार कधी' असं म्हणणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, मी ऐकतेच आहे. मागच्या गिटारवालीचा हात चुकतोय हे दिसल्यापासून तर जास्तच.

मग आम्ही शनाया ट्वेनचा 'मॅन! आय फील लाइक अ वुमन!' लावला, १९९९चा. तीच चौकट उलटी केलेली. गायिका पुढे, मागे सारखे दिसणारे पुरुष मॉडेल वाद्यं घेऊन. एकही तळटीप न देता केलेली टीका. मी खूश होऊन म्हटलं, बघ, नजर उलटवली. भाची म्हणाली, 'मावशी, पण कपडे तर तिचेच उतरतायत.' खरंच की! सुरुवातीला टोपी, जाळी, लांब कोट, आणि मग एकेक करून ते कमी होत जातं. मागचे पुरुष जसेच्या तसे. पामरने तर टायसुद्धा सैल केला नव्हता.

मग कोट उतरवणं हा तिचा रुबाब, की कॅमेऱ्याला हवं ते देणं? भाची म्हणते दोन्ही. मी म्हणते कॅमेरा, कारण 'दोन्ही' म्हणजे पुन्हा ती हॉलची मधली भूमिका. आमचं भांडण चालू आहे. कमेंटमध्ये यायचं असेल तर खुशाल या, पण दोन्ही व्हिडिओ एकदा आवाज बंद करून बघा आणि मगच लिहा. नुसतं 'मेल गेझ' लिहिणाऱ्यांना उत्तर मिळणार नाही.