मैदानावरचा लाल झेंडा

ऑगस्टात मी ठाण्यात होतो आणि ऑक्टोबरात पुन्हा अल्बकर्कीला. न्यू मेक्सिको राज्यातल्या या कोरड्या, उंचावरच्या शहरात नोकरीनिमित्त राहू लागल्याला आता चौदा वर्षे झाली. चरईतल्या आमच्या घरी दर वर्षी दहीहंडीच्या आगेमागे एक ठरलेला वाद होतो. काकांच्या मते हा प्रकार बंदच झाला पाहिजे, कारण रस्ते अडतात, कानठळ्या बसतात आणि पोरांचे हातपाय मोडतात. आतेभाऊ अकरा वर्षे गोविंदा पथकात तिसऱ्या थरावर उभा राहिलेला असल्याने त्याला काकांचे बोलणे चाळीबाहेर राहायला गेलेल्या माणसाचे वाटते. या वर्षी वादात माझीही भर पडली. इथल्या बलून महोत्सवाची मी पाठवलेली छायाचित्रे घरच्या ग्रुपवर काकांनी पुन्हा टाकली आणि खाली लिहिले, ‘‘उत्सव असा असावा. आपल्याला हे कधी जमायचं नाही.’’

त्या वाक्याशी माझे भांडण आहे, कारण या महोत्सवाचा इतिहास काका समजतात तसा सोवळा मुळीच नाही.

त्याची सुरुवात ८ एप्रिल १९७२ रोजी एका मॉलच्या वाहनतळावर झाली, आणि निमित्त होते केओबी या स्थानिक रेडिओ केंद्राच्या पन्नासाव्या वाढदिवसाचे. म्हणजे मूळ जाहिरातीतच. सिड कटर या विमान व्यावसायिकाने आदल्या वर्षी आईच्या वाढदिवसासाठी गरम हवेचा एक फुगा विकत घेतला होता. रेडिओ केंद्राच्या व्यवस्थापकाने त्याला विचारले की, आजवर एका जागी जास्तीत जास्त किती फुगे जमले आहेत. इंग्लंडमध्ये एकोणीस, असे उत्तर मिळाले, तेव्हा हा आकडा मोडायचाच असे दोघांनी ठरवले. एकवीस वैमानिकांनी होकार दिला, पण हवा बिघडली आणि प्रत्यक्षात तेराच पोहोचले. विक्रम हुकला. जमलेल्या हजारो लोकांनी त्या तेरांनाच डोक्यावर घेतले आणि पुढच्याच वर्षी शहराने जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली. विक्रमाची हौस, पैसा लावणारा व्यावसायिक आणि गर्दी हे तिन्ही घटक आमच्या चौकातल्या हंडीच्या मागे असतात तसेच इथेही पहिल्या दिवसापासून होते.

या शहराला हवेनेही हात दिला. रात्रभर गार झालेली जड हवा रिओ ग्रान्दे नदीच्या खोऱ्यातून उताराने दक्षिणेकडे वाहते, आणि तिच्यावरचा थर बऱ्याचदा उलट, उत्तरेकडे जात असतो. फुग्याला सुकाणू नसते. त्यामुळे वैमानिक खालच्या वाऱ्यावर दक्षिणेला जातो, आच वाढवून वर चढतो, वरच्या वाऱ्यावर परत येतो आणि जमले तर निघाला त्याच मैदानाजवळ उतरतो. इथले लोक याला ‘बॉक्स’ म्हणतात. ऊन चढून जमीन तापली की हा खेळ संपतो, म्हणूनच सगळी लगबग पहाटे असते. ठाण्यात असे काही का नाही, या काकांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे. एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसरीकडे खाडी, मध्ये उच्च दाबाच्या तारा आणि टॉवरांची रांग, आणि वर मुंबईच्या विमानतळाची वर्दळ असताना त्यात आता नवी मुंबईच्या विमानतळाचीही भर. उतरायला मोकळे शेत कुठून आणणार? फुगा आपल्या आकाशाला अगदीच परका आहे असे मात्र नाही. विजयपत सिंघानिया २००५ च्या नोव्हेंबरात महालक्ष्मी रेसकोर्सवरून फुग्यातून निघाले आणि एकवीस किलोमीटरच्या वर जाऊन सिन्नर तालुक्यात उतरले. पण एका माणसाने विक्रमासाठी वर जाणे वेगळे, आणि दर वर्षी शेकडो फुगे सोडणे वेगळे.

महोत्सव वाढला तसा तो हाताबाहेरही गेला. १९८२ मध्ये एका मोठ्या फुग्यावर गॅसचा भडका उडाला आणि चार जण दगावले. तारांना अडकण्याचे प्रकारही होत राहिले. २००० साली नोंदणी झालेल्या फुग्यांची संख्या १,०१९ वर पोहोचली. एवढे फुगे उतरवायला वाढत्या शहरात जागा उरली नव्हती. पुढच्या वर्षीपासून आयोजकांनी संख्येवर मर्यादा घातली आणि आता ती साधारण साडेपाचशेच्या आसपास असते. हे मी काकांना मुद्दाम दोनदा लिहिले. जगात सर्वांत मोठे म्हणवून घेणाऱ्या उत्सवाने स्वतःचा आकडा स्वतःच जवळजवळ निम्म्यावर आणला, आणि त्यामुळे तो बुडाला नाही.

गेली सहा वर्षे मी एका फुग्याच्या मदतनीसांत असतो. पहाटे चारला मैदानावर पोहोचायचे, ओल्या गवतावर ताडपत्री अंथरायची, तिच्यावर नायलॉनचे कापड लांबवर पसरायचे, आणि पंख्याने थंड हवा भरली जात असताना दोघांनी फुग्याचे तोंड ताणून धरायचे, हे माझे काम. बर्नर पहिल्यांदा पेटतो तेव्हा हातमोज्यांतूनही धग लागते. मग ते कापड पोटाखालून उचलल्यासारखे हळूहळू उभे राहते आणि आडवी पडलेली वेताची टोपली सरळ होते. पण पट्ट्यापट्ट्यांचे काळेपांढरे कपडे घातलेला माणूस येऊन खूण करेपर्यंत कोणाचाही फुगा जमीन सोडत नाही. या माणसांना इथे झेब्रा म्हणतात. कोणी डोक्यावर विदूषकासारखी टोपी घालतो, कोणी शेपटी लावतो. दिसायला सगळी गंमत आहे, पण उद्योगपतीचा फुगा असो की शाळामास्तरचा, झेब्राने हात वर केल्याशिवाय दोर सुटत नाही.

त्याआधी झेंडा असतो. हिरवा म्हणजे उड्डाण, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे आज नाही. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी आम्ही कापड पसरून बसलो होतो आणि पिवळा झेंडा दीड तास तसाच राहिला. खाली वारा नव्हता, आकाश निरभ्र होते, दूरदेशांहून आलेली माणसे तिकिटे काढून कुडकुडत उभी होती. मग लाल झेंडा चढला. वरचा वारा जोराचा आहे, एवढेच कारण सांगितले गेले. माझ्या शेजारच्या बाईंनी ‘‘चला, मग खाऊन घेऊ’’ असे म्हणत हिरव्या मिरचीचा बरीटो घ्यायला रांग लावली. आरडाओरडा झाला नाही, पैसे परत मागत कोणी मंचाकडे गेले नाही. मला मात्र त्याच क्षणी ठाण्यातला एक चौक आठवला.

तिथे रात्रीचे दहा वाजून गेले होते. पथक सकाळपासून मुंबईत सलाम्या देत हिंडून आले होते, पावसाने सगळे निथळत होते आणि आठ थर लावून उतरले होते. निवेदक माईकवरून नवव्या थराचे बक्षीस पुन्हा पुन्हा ओरडून सांगत होता. ‘‘एकदाच, फक्त एकदाच!’’ खालच्या थरातल्या एका मुलाची पोटरी थरथरत होती, हे मला वीस फुटांवरून दिसत होते. ते आयोजकाला दिसत नसेल असे नाही. सहाव्या थरावरच मनोरा ढासळला. एक्का, म्हणजे सर्वांत वर चढणारा मुलगा, दोरीला लटकून वाचला, खालचे दोघे रुग्णालयात गेले. दहा मिनिटांनी पुढच्या पथकाचे नाव पुकारले गेले.

काका याला बेशिस्त म्हणतात, आणि इथेच त्यांचे चुकते. सराव, तोल, एकमेकांवरचा भरवसा यांत ती मुले इथल्या कोणत्याही वैमानिकापेक्षा कमी नाहीत. २०२५ साली ठाण्यातच दहा थर लागले, ते बेशिस्तीने लागत नाहीत. शिवाय फुगा बाळगायला खिसा लागतो, मनोऱ्यात उभे राहायला फक्त खांदा, ही गोष्ट मी परदेशात राहूनही विसरू शकत नाही. कायद्यानेही आपल्याकडे बरेच प्रयत्न केले. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने वीस फुटांची मर्यादा घातली, २०१७ मध्ये उंचीची अट गेली आणि चौदा वर्षांखालील मुलांची बंदी राहिली, २०२२ मध्ये सरकारने साहसी खेळाचा दर्जा आणि अपघात झाल्यास भरपाई जाहीर केली. म्हणजे हंडीच्या आधीचा नियम आहे आणि पडल्यानंतरचा चेकही आहे. रात्री दहा वाजता चौकात लाल झेंडा वर करणारा माणूस तेवढा नाही. थरागणिक वाढणारे बक्षीस ज्याच्या हातात आहे, त्याच्याच हातात माईकही आहे.

म्हणून मी आतेभावाला सुचवले की, बक्षीस थरांवर ठेवू नका, आणि थांबवण्याचा अधिकार दुसऱ्या पथकातल्या एखाद्या जुन्या प्रशिक्षकाला द्या. मला वाटले होते की तो परंपरेचा मुद्दा काढेल. त्याने काढला तो हिशोबाचा. ‘‘दादा, तुमच्याकडे मैदान एक, झेंडा एक. आमच्याकडे एका चौकाने लाल झेंडा दाखवला तर पथक ट्रक वळवून पुढच्या चौकात जाणार. तिथला आयोजक तर वाटच बघत असतो.’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण तो बरोबर बोलत होता. अल्बकर्कीला लाल झेंडा मानला जातो त्यात लोकांच्या समजूतदारपणाचा वाटा आहे, पण बाजूलाच दुसरे मैदान उघडे नाही याचाही आहे. ठाण्यात झेंडा चालायचा असेल तर तो चौकाचा असून भागणार नाही, तो पथकांचाच असायला हवा. एका पथकाला आज पुरे असे सांगितले गेले, तर ते त्या रात्री कुठल्याच हंडीला लागणार नाही, हे त्यांनी आपसांत ठरवले तर आयोजकाच्या माईकचा आवाज आपोआप उतरेल.

हे मी लिहून पाठवले त्याला तीन आठवडे झाले. काकांचे उत्तर लगेच आले, ‘‘कोण ऐकणार आहे?’’ आतेभावाचे काल आले. गुरुपौर्णिमेला सरावाचा नारळ फुटतो, त्याआधी पथकांची बैठक असते. तिथे विषय काढतो म्हणाला, पण फुग्यांचे नाव घेणार नाही, नाहीतर पोरे हसतील.