अंगठा लागला म्हणजे धान्य मिळालं, असं नाही

रेशनबद्दलचा एक संदेश दर काही महिन्यांनी नव्याने फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर साधारण असा असतो: "आता ई-पॉस मशीनवर अंगठा लागल्याशिवाय धान्य निघत नाही, त्यामुळे रेशनची चोरी बंद झाली आहे. पावत्या सांभाळायची गरज नाही, सगळं ऑनलाइन आहे. कार्ड दुकानात ठेवलं तरी चालतं. जास्तच भीती वाटत असेल तर आधार लॉक करून टाका. ई-केवायसी राहिली असेल तर खालच्या लिंकवर करा, नाहीतर कार्ड बंद होईल. आणि उगाच तक्रारी करू नका, नाव कट होतं."

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते जास्त नडतं. बोगस कार्डांवर किंवा वारलेल्या माणसाच्या एकट्याच्या कार्डावर धान्य उचलायचं, हा जुना प्रकार अंगठ्यामुळे अवघड झाला, हे मान्य. पण अंगठा एवढंच सांगतो की कार्डावरचा एक माणूस दुकानात आला होता. त्याच्या पिशवीत किती किलो पडलं, हे अंगठ्याला कळत नाही. आज रेशनची चोरी होते ती बहुतेक तिथे, यंत्र आणि काटा यांच्या मधल्या दोन फुटांत.

आधी हक्क किती ते पक्कं ठाऊक हवं. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला माणसं कितीही असली तरी ३५ किलो. गहू किती आणि तांदूळ किती, हे वाटप शासन अधूनमधून बदलतं. एकूण वजन तेच राहतं. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे, त्यामुळे पावतीवर रकमेच्या जागी शून्यच हवं. हमाली, पावतीचा कागद, 'गाडीभाडं' अशा नावाखाली दहा-वीस रुपये मागितले तर ते कायद्यात कुठेही बसत नाहीत. साबण, चहापत्ती विकायला ठेवलेली असेल तर घ्यायची की नाही, हे गिऱ्हाईकाने ठरवायचं. धान्य देण्याची ती अट होऊ शकत नाही.

आता यंत्रावर काय घडतं ते पाहा. दुकानदार बारा अंकी कार्ड क्रमांक टाकतो, पडद्यावर कुटुंबातल्या सदस्यांची यादी येते, आलेल्या माणसाचं नाव निवडलं जातं, मग बोट लागतं. ठसा जुळला की कार्डाचा हक्क दिसतो, त्यात वजनाचे आकडे भरले जातात आणि पावती बाहेर येते. म्हणजे पाच जणांच्या कार्डाला २५ किलोची पावती निघते तेव्हा धान्य अजून गोणीतच असतं. व्यवहार नोंदला गेला, शासनाच्या हिशोबात कुटुंबाला २५ किलो मिळाले. त्यानंतर काट्यावर २२ पडले तर उरलेल्या तीन किलोंचा मागमूस कुठल्याच संगणकात राहत नाही. "आधी अंगठा लावून मोकळे व्हा, मग निवांत माप घ्या" हे सौजन्याने म्हटलेलं असू शकतं, पण क्रम पक्का हवा. आधी बोलून घ्यायचं की किती देताय, मग बोट, मग पावती हातात, मग पावतीवरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा शेजारी शेजारी ठेवून माप.

काटा ई-पॉसला जोडावा म्हणून केंद्राने २०२१ साली नियमांत बदल करून राज्यांना प्रोत्साहन दिलं. जोडलेला काटा नक्कीच बरा. तरी काट्यावर आपलं धान्य आहे की बाजूला भरून ठेवलेला डबा, हे त्या काट्यालाही कळत नाही. नजर ठेवायचं काम सुटत नाही.

काटा बघायचा कसा? रिकामा असताना पडद्यावर ०.००० दिसलं पाहिजे. रिकामा डबा ठेवून टेअरचं बटण दाबलं की पुन्हा शून्य यायला हवं. डबा न ठेवता शून्य केलेलं असेल तर डब्याचं वजन आपल्या धान्यातून जातं. एक-दीड किलोचा डबा असेल आणि गहू-तांदूळ चार खेपांत मापले तर चार ते सहा किलोंचा खड्डा सहज पडतो. शंका असेल तर घरून ५ किलोची सीलबंद आट्याची पिशवी न्या आणि काट्यावर ठेवा. पिशवीच्या प्लास्टिकसकट आकडा पाच किलोच्या किंचित वर यावा. ५.२०० आला तर काटा फुगवून सांगतोय. १ किलोच्या मिठाच्या पुडीने ही परीक्षा नीट होत नाही, कारण शेकडा चार-पाचाचा फरक एका किलोवर चाळीस-पन्नास ग्रॅमच दिसतो आणि तो पुडीच्या नावावर खपवता येतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दर बारा महिन्यांनी पडताळणी करून घ्यावी लागते. शिक्का आणि प्रमाणपत्रावरची तारीख बघायला मागणं हा आगाऊपणा नाही.

"गोदामातूनच कमी येतं, आम्ही काय करणार" हे उत्तर ठरलेलं असतं. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. ५० किलोच्या तागाच्या गोणीचं स्वतःचं वजन अर्ध्या किलोच्या थोडं पुढे असतं. गोणीसकट ५० मोजून दिली तर दुकानदाराला ते सोसावं लागतं, शिवाय सांडलवंड असते. पण हिशोब करून पाहा: पन्नास किलोला अर्धा-पाऊण किलो म्हणजे शेकडा एक-दीड. २५ किलोच्या कार्डाला ही घट तीनशे-चारशे ग्रॅमच्या पुढे जात नाही, आणि तीही गिऱ्हाईकाने सोसायची नाही, दुकानदाराने गोदामाकडे मागायची. दोन-तीन किलोंची घट गोणीतून येत नाही, ती मापात होते.

"पावती जपायची गरज नाही, सगळं ऑनलाइन आहे." ऑनलाइन जे आहे ते पावतीचीच नक्कल आहे. यंत्रात २५ भरले असतील तर संकेतस्थळावरही २५ दिसणार. फरक दाखवायला एकच गोष्ट उपयोगी पडते: त्याच दिवशी पावतीच्या मागे पेनाने लिहिलेलं प्रत्यक्ष वजन. पावती उष्णतेने छापणाऱ्या कागदावर येते, दोन-तीन महिन्यांत फिकट होते आणि स्वयंपाकघरात ठेवली तर त्याहून लवकर, म्हणून घरी गेल्यावर लगेच तिचा फोटो काढावा. पावतीवर चार गोष्टी बघाव्यात: महिना, कोणाचं बोट लागलं त्याचं नाव, प्रत्येक धान्याचं वजन, रक्कम.

ऑनलाइन पाहणी निरुपयोगी आहे असं मात्र समजू नका. ती दुसरी चोरी पकडते. महाईपॉस डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर 'आरसी डिटेल्स' उघडा, महिना-वर्ष निवडा, बारा अंकी एसआरसी क्रमांक, म्हणजे कार्डाचाच क्रमांक, टाका. कार्डावर नोंदलेली माणसं, त्या महिन्याचा हक्क आणि झालेले व्यवहार दिसतात. "मशीनला रेंज नाही, पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम देतो" असं सांगून परत पाठवलं असेल आणि त्या महिन्यात व्यवहार दिसत असेल तर गोष्ट उघड आहे. दिसत नसेल तर दुकानदार कदाचित खरंच बोलत होता. यादीत अनोळखी नाव दिसलं तर तेही लगेच कळवावं, कारण त्या नावाच्या बोटावर आपल्या कार्डाचं धान्य निघू शकतं. उत्तर प्रदेशात २०१८ मध्ये उघड झालेला घोटाळा याच जातीचा होता. कार्डाला जोडलेले आधार क्रमांक तात्पुरते बदलले, भलत्याच माणसांच्या बोटावर धान्य उचललं आणि मूळ क्रमांक परत टाकले. अंगठा खराच होता, फक्त तो लाभार्थ्याचा नव्हता.

एका भेटीत दोन-तीन वेळा अंगठा लावायला सांगितला की लोक बिचकतात. दर वेळी ती लबाडी नसते. २०२५ मध्ये पावसाळ्याच्या आधी जून, जुलै, ऑगस्ट या तीन महिन्यांचं धान्य एकत्र वाटायचं ठरलं, तेव्हा महिन्यागणिक अंगठा लावावा लागणं रास्तच होतं. नियम सोपा ठेवा: जितके यशस्वी अंगठे तितक्या पावत्या. "फेल गेला, परत लावा" असं सांगितलं तर पडद्यावरचा संदेश वाचायला मागा. ३०० हा त्रुटी क्रमांक ठसा जुळला नाही असं सांगतो. हात धुऊन, पुसून, दुसरं बोट लावून पाहायचं. भांडी घासून, मातीत राबून झिजलेल्या बोटांचा हा नेहमीचा प्रश्न आहे आणि त्यावर दुसऱ्या सदस्याचं बोट, डोळ्यांचा स्कॅनर असलेल्या यंत्रावर बुबुळ, किंवा मोबाइलवरचा ओटीपी असे पर्याय आहेत. ठसा जुळला नाही म्हणून हक्क जात नाही.

३३० हा क्रमांक आला तर बायोमेट्रिक लॉक आहे, म्हणजे आधारवर ठशाने ओळख पटवणं बंद करून ठेवलेलं आहे. इथे त्या संदेशातला "आधार लॉक करा" हा सल्ला आडवा येतो. लॉक ही वाईट सोय नव्हे. बँकेच्या आधार व्यवहारांतली फसवणूक त्याने अडते. पण मुलाने शहरात बसून आईच्या आधारला लॉक लावायचं आणि गावात आईने रांगेत उभं राहून ३३० घेऊन परत यायचं, हे त्याच सल्ल्याचं फळ आहे. रेशनला जायच्या आधी एम-आधार ॲपमधून लॉक तात्पुरतं उघडावं लागतं, त्यासाठी आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला हवा. शिवाय लॉक फक्त बोट, बुबुळ आणि चेहरा अडवतं. ज्या वाटेने तुमचं बोट लागतच नाही, ती वाट मोकळीच राहते. कोविडच्या काळात तर संसर्ग टाळायला लाभार्थ्याऐवजी दुकानदाराच्याच अंगठ्यावर धान्य द्यायची मुभा महाराष्ट्रात होती. हेतू चांगला होता, पण ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच बोटावर हिशोब चालला. आणि मापातल्या चोरीला तर लॉकचा काहीच अडसर नाही, तिथे बोट तुम्ही स्वतःच लावलेलं असतं.

लॉकपेक्षा उपयोगी सोय आधारच्याच संकेतस्थळावर आहे आणि तिच्याबद्दल कोणी संदेश फिरवत नाही. माय-आधारवर लॉगिन करून 'ऑथेंटिकेशन हिस्ट्री' उघडली की मागच्या सहा महिन्यांत आपलं आधार कधी, कुठल्या संस्थेकडून, बोटाने की ओटीपीने पडताळलं गेलं, हे तारीख-वेळेसह दिसतं. रेशनच्या दुकानात गेलोच नाही त्या दिवशीची नोंद सापडली तर त्याहून पक्का पुरावा नाही.

कार्ड दुकानात ठेवण्याबद्दल एकच: धान्य दिल्यावर कार्ड स्वतःकडे ठेवायला सार्वजनिक वितरणाच्या नियंत्रण आदेशाने दुकानदाराला मनाई आहे. कागदी पुस्तिका हरवली म्हणून लगेच धान्य चोरीला जात नाही, कारण पुस्तिका दाखवून नव्हे तर क्रमांक आणि बोटावर धान्य निघतं. दुय्यम प्रत तहसीलच्या पुरवठा शाखेतून, मुंबई-ठाण्यात शिधावाटप कार्यालयातून मिळते.

सगळ्यांत घातक ओळ लिंकची आहे. ई-केवायसीसाठी, म्हणजे कार्डावरच्या माणसाची आधारवरून ओळख पटवण्यासाठी, पुरवठा विभाग व्हॉट्सॲपवर कधीही एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल) पाठवत नाही. 'रेशन केवायसी' अशा नावाची ती फाइल मोबाइलमध्ये बसली की एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि मग बँकेचे ओटीपी तिकडे जायला लागतात. धान्य राहतं बाजूला, खातं रिकामं होतं. खऱ्या वाटा दोनच. कुठल्याही रेशन दुकानात ई-पॉसवर बोट लावून, विनाशुल्क. किंवा प्ले स्टोअरवरून 'मेरा ई-केवायसी' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन ॲप स्वतः शोधून घ्यायची, राज्य निवडायचं, आधार क्रमांक टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी ॲपमध्येच भरायचा (फोनवर कोणाला सांगायचा नाही), मग चेहरा कॅमेऱ्यासमोर धरून पापणी मिटायची. झाल्यावर पुन्हा तपासून स्थितीपुढे 'वाय' आला आहे ना ते बघा. चेहरा उजेडाकडे हवा. पाठीमागे खिडकी असली की ॲप पुन्हा पुन्हा नाकारतं आणि लोक कंटाळून एजंटाकडे जातात. पुण्यात शिकणाऱ्या मुलीला यासाठी गावी यावं लागत नाही. लहान मुलांची फार काळजी नको, पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे आधारमध्ये नसतातच.

फाइल बसवून बसला असाल तर आधी मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, मग दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि बँकेला कळवा. ती फाइल त्यानंतर काढा. हा क्रम उलटला तर मधल्या दहा मिनिटांत पैसे निघून जातात.

राहिली तक्रारीची भीती. तक्रार केली म्हणून कार्डावरचं नाव काढायचा अधिकार दुकानदाराला नाही. ते काम पुरवठा कार्यालयाचं आहे. अन्न सुरक्षा कायद्यातच जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, राज्य अन्न आयोग आणि गावपातळीपर्यंतच्या दक्षता समित्या यांची तरतूद आहे. तरीही गावातल्या दुकानदाराशी वैर घ्यायला माणूस कचरतो, हे समजण्यासारखं आहे. त्याला भांडण न करता तोड आहे: दुकान बदला. 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेमुळे राज्यातल्या कुठल्याही दुकानात तोच बारा अंकी क्रमांक आणि तेच बोट चालतं, अर्ज लागत नाही. बीडहून ऊसतोडीला गेलेलं कुटुंब कोल्हापुरात धान्य घेऊ शकतं, तसं तुम्ही शेजारच्या वाडीत घेऊ शकता. महिनाअखेरीस जाऊ नका, दुकानदार आपल्या नेहमीच्या कार्डांपुरता साठा राखून "माल संपला" म्हणतो. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात मिळायची शक्यता जास्त.

तक्रार करायचीच असेल तर १९६७ किंवा १८००-२२-४९५० वर. "दुकानदार कमी देतो" एवढंच सांगितलं तर त्याची चौकशी कोणी काय करणार? पावती समोर धरून सांगा: दुकान क्रमांक, कार्ड क्रमांक, तारीख आणि वेळ, पावतीवर २५ किलो, हातात २२, दुसऱ्या काट्यावर पुन्हा मोजलं तेव्हाही २२. तक्रार क्रमांक मागून घ्या आणि त्याच पावतीच्या मागे लिहून ठेवा.