मोबाईलमधली मारामारी आणि घरातला मार

‘मारधाडीचे गेम खेळणारे मूल पुढे खुनी होते, हे अमेरिकेतल्या बाहुलीच्या प्रयोगाने सिद्ध झाले आहे, अशा मुलांच्या मेंदूच्या नसा सुकतात, पूर्वी मोबाईल नव्हते, म्हणून मुले भांडत नसत, यावर दोन सणसणीत कानाखाली हाच उपाय’, असा एक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. अमळनेरला माझ्या चुलतभावाने तो वाचून आठ वर्षांच्या पोराला बडवले, तेव्हा गप्प बसणे शक्य नाही.

नसा सुकण्याची गोष्ट निव्वळ थाप आहे. पूर्वीची मुले भांडत नसत, असे विटीदांडू खेळलेला माणूस तरी म्हणणार नाही. गेममुळे खुनी होण्याबाबत बोलायचे, तर अशा गेमचा आरडाओरडा आणि ढकलाढकली यांच्याशी थोडा संबंध दिसतो, हे अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या २०२० च्या ठरावात आहे आणि तेवढे मान्य करावेच लागते. मात्र खऱ्या हिंसाचाराचे खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही, हेही त्याच ठरावात म्हटले आहे.

खरा संताप येतो तो शेवटच्या मुद्द्याचा. ज्या प्रयोगाचा दाखला दिला आहे, तो मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केला. मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुलीला ठोसे आणि हातोडीचे फटके मारताना ज्या लहान मुलांनी पाहिले, त्यांतल्या अनेकांनी पुढे तसेच फटके मारले आणि त्याचे शब्दही उचलले. त्या पहिल्या प्रयोगात पडदा नव्हताच. मारणारा माणूस मुलांसमोर त्याच खोलीत होता. चित्रफितीचा प्रयोग नंतर, १९६३ मध्ये झाला. म्हणजे ज्या प्रयोगाच्या नावाने पोराला मारायला सांगितले जाते, तोच प्रयोग सांगतो की मूल समोरच्या मोठ्या माणसाकडून मारणे शिकते. अमळनेरच्या पोराने दुसऱ्याच दिवशी ओट्यावर धाकट्या बहिणीचा कान पिळला आणि बापाच्याच सुरात विचारले, “आखो लेशी का मोबाईल?” (पुन्हा घेशील का मोबाईल?)

हाच मार शाळेत दिला असता, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शिक्षकावर कारवाई करता आली असती. मोबाईलची वेळ ठरवून द्यावी, गेम कोणता आहे ते पोराशेजारी बसून पाहावे, वयाला न शोभणारा असेल तर काढून टाकावा. यातल्या कशालाही हात उगारावा लागत नाही. ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला आहे, त्यांनी निदान शेवटची ओळ चुकीची असल्याचे त्याच ग्रुपवर लिहावे.