‘फॉरमॅट मारा, अर्ध्या तासात प्रश्न मिटतो’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरच्या आडकाठीमुळे विंडोजवरचा प्रोग्राम उघडेनासा झाला, तर नेमका अडथळा कसा शोधावा, या माझ्या लेखावर आपण प्रतिक्रिया दिली आहे. आपण नाव लिहिलेले नाही. संगणकदुरुस्तीचे दुकान आहे, एवढेच सांगितले आहे. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आपले म्हणणे थोडक्यात देतो. त्यातले ‘फॉरमॅट’ म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणे, ‘क्लीन बूट’ म्हणजे इतर कंपन्यांच्या सर्व्हिस (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम) बंद ठेवून विंडोज सुरू करणे, आणि ‘ड्रायव्हर’ म्हणजे संगणकाचा एखादा भाग चालवणारे सॉफ्टवेअर. ‘क्लीन बूट वगैरे सांगून लोकांचा दिवस वाया घालवू नका. फॉरमॅट मारा, अर्ध्या तासात प्रश्न मिटतो. क्लीन बूटने ड्रायव्हर बंद होत नाहीत, हेही तुम्हाला माहीत दिसत नाही. अँटिव्हायरस बंद करायला सांगणे बेजबाबदारपणाचे आहे. चित्रे विंडोज १० ची आहेत. ज्यांनी कधी मशीनला हात लावला नाही, त्यांनी असले लेख लिहू नयेत.’

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते मला लागले. मतभेद असणे आणि समोरच्याची लायकी काढणे यांत फरक आहे, आणि दुकान चालवणाऱ्या माणसाला तो कळायला हवा. विंडोज ९८ च्या काळात मी सोलापुरातल्या एका छापखान्याच्या अक्षरजुळणी विभागात कामाला होतो. तिथले संगणक बंद पडले की पुण्याहून माणूस येईपर्यंत थांबणे परवडत नसे. उद्याची लग्नपत्रिका आजच छापून द्यावी लागे. तेव्हापासून आजतागायत परिचितांचे, लहान मुद्रकांचे, एकट्याने घरून काम करणाऱ्यांचे संगणक मी पाहत आलो आहे, आणि त्याचे पैसे मी कधी मागितलेले नाहीत. मशीनला हात लावला नाही, हे आपण कशावरून ठरवलेत? लेखात मी माझ्या कामाची जाहिरात केली नाही, यावरून असेल तर तो निष्कर्ष घाईचा आहे.

चित्रांबाबत आपले म्हणणे मान्य आहे. विंडोज ११ मध्ये टास्क मॅनेजरचे (चालू प्रोग्रामांची यादी दाखवणाऱ्या साधनाचे) विभाग डाव्या बाजूला गेले आहेत आणि नवख्या वाचकाचा तिथे गोंधळ होऊ शकतो. ती चित्रे मी बदलतो आहे.

आता ‘फॉरमॅट मारा, अर्ध्या तासात प्रश्न मिटतो’ या वाक्याकडे येतो. माझ्या मते आपल्या प्रतिक्रियेतले हे सर्वांत घातक वाक्य आहे, कारण ते ऐकून लोक खरोखर तसे करतात.

गेल्या पावसाळ्यात घरून अक्षरजुळणीची कामे करणाऱ्या एका बाईंचा लॅपटॉप माझ्याकडे आला. पानजुळणीच्या प्रोग्रामवर डबल क्लिक केले की कर्सरशेजारी निळे वर्तुळ क्षणभर फिरे आणि नाहीसे होई. चौकट उघडत नव्हती की बिघाडाचा संदेशही येत नव्हता. टास्क मॅनेजरमध्ये ‘डिटेल्स’ उघडून ठेवले, तर प्रोग्रामचे नाव यादीत उमटे आणि डोळ्यांदेखत पुसले जाई. मी इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारे साधन) उघडून ‘विंडोज लॉग्ज’खालच्या ‘ॲप्लिकेशन’ या यादीतली १००० क्रमांकाची लाल खुणेची नोंद पाहिली. ‘फॉल्टिंग ॲप्लिकेशन’पुढे अपेक्षेप्रमाणे पानजुळणीचा प्रोग्राम होता, पण ‘फॉल्टिंग मॉड्यूल’पुढे, म्हणजे बिघाड ज्या फाइलीत झाला तिच्या जागी, भलत्याच डीएलएलचे (प्रोग्राम वापरतात त्या कोडच्या फाइलीचे) नाव होते, आणि तिचा पत्ता लॅपटॉपबरोबर आलेल्या, आवाजाचा दर्जा वाढवण्यासाठी दिलेल्या एका सॉफ्टवेअरच्या फोल्डरातला होता. ते सॉफ्टवेअर आवाजावर प्रक्रिया करण्यासाठी स्वतःची फाइल इतर प्रोग्रामांच्या स्मृतीत घुसवत होते. त्याची सर्व्हिस थांबवून संगणक पुन्हा सुरू केला, आणि पानजुळणीचा प्रोग्राम पहिल्या क्लिकला उघडला.

हा लॅपटॉप त्याआधी एका दुरुस्ती करणाऱ्याने फॉरमॅट करून दिलेला होता. काही दिवस तो नीट चालला आणि मग पहिले पाढे पंचावन्न, कारण विंडोज अपडेटने त्या लॅपटॉपसाठीचे ड्रायव्हर पुन्हा उतरवले आणि त्यांच्याबरोबर आवाजाचे तेच सॉफ्टवेअरही परत आले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो उपाय होता. त्या उपायाची किंमत मात्र बाईंनी मोजली. युनिकोडपूर्व काळातले त्यांचे मराठी फॉन्ट गेले. त्या फॉन्टांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे फॉन्ट नसला की वर्षानुवर्षांच्या जुन्या फाइलींत नुसती निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. डोंगलचा (प्रोग्रामच्या परवान्यासाठी संगणकाला लावायच्या छोट्या उपकरणाचा) ड्रायव्हर पुन्हा शोधावा लागला. एका प्रोग्रामचा परवाना जुन्या इन्स्टॉलेशनवरून आधी सोडवून घ्यायला हवा होता. तो सोडवलेला नसल्यामुळे कंपनीशी पत्रव्यवहार करावा लागला. विंडोज टाकायला अर्धा तास पुरत असेलही, महोदय, पण त्या बाईंचे काम पूर्ववत सुरू व्हायला किती वेळ लागला, हा हिशेब आपल्या अर्ध्या तासात कुठे आहे?

हे एका लॅपटॉपचे दुर्दैव होते, असेही समजू नका. नोव्हेंबर २०१७ मध्ये गूगलने जाहीर केले होते की विंडोजवर क्रोम वापरणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या संगणकावर क्रोमशी संपर्क ठेवणारे दुसरे एखादे सॉफ्टवेअर असते, आणि जे सॉफ्टवेअर आपला कोड क्रोममध्ये घुसवते, ते वापरणाऱ्यांकडे क्रोम कोसळण्याची शक्यता १५ टक्क्यांनी जास्त असते. त्यानंतर २०१८ पासून क्रोमने असा घुसवलेला कोड अडवायला सुरुवात केली. एवढ्या मोठ्या कंपनीला त्यासाठी आपल्या प्रोग्रामची रचना बदलावी लागली. तिने ग्राहकांना फॉरमॅट करा असे सांगितले नाही.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ या प्रोग्राम बनवण्याच्या साधनाची १७.१० ही आवृत्ती आणली. तीत म्यूटेक्स नावाच्या एका मूलभूत घटकाची उभारणी बदलली, आणि त्यामुळे या आवृत्तीने बांधलेल्या प्रोग्रामांना सी प्लस प्लस या संगणकभाषेची सामायिक लायब्ररीही (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती तयार कोडची फाइल) तेवढीच नवी लागू लागली. जुनी लायब्ररी हाती आली की असे प्रोग्राम सुरू होताहोताच ‘ॲक्सेस व्हायोलेशन’ने (स्मृतीच्या चुकीच्या जागेला हात घातल्याने) कोसळू शकतात, आणि नोंदीत मॉड्यूल म्हणून याच लायब्ररीच्या एमएसव्हीसीपी१४० या डीएलएलचे नाव दिसते. विंडोज अशी फाइल सिस्टिमच्या फोल्डरात पाहण्याआधी प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरात पाहते. इन्स्टॉलरनेच तिथे जुनी प्रत ठेवली असेल, तर आपण डिस्क कितीही वेळा पुसा. तोच इन्स्टॉलर चालवला की तीच जुनी प्रत त्याच जागी येऊन बसणार. नोंदीतल्या मॉड्यूलच्या पत्त्यावर नजर टाकली, तर हे दोन मिनिटांत कळते. फॉरमॅटने ते कधीच कळत नाही, आणि या दोन वाटांतला हाच फरक मी लेखभर सांगत होतो.

दिवस वाया जातो, हेही मला पटत नाही. अनेकदा ही नोंदच दोषी फाइलीचे नाव सांगते आणि क्लीन बूटची पाळीच येत नाही. जिथे येते, तिथे एमएसकॉन्फिग या विंडोजच्याच साधनात मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिस आधी लपवायच्या, उरलेल्यांपैकी निम्म्या बंद करायच्या, आणि प्रोग्राम उघडतो की नाही यावरून दोष कोणत्या निम्म्यात आहे ते ठरवायचे. उरलेल्या चाळीस असल्या आणि दोषी एकच असली, तरी सहा वेळा संगणक पुन्हा सुरू करून ती सापडते. हल्लीच्या एसएसडीवर याला एक तासही लागत नाही. फॉरमॅटचे ठरलेले पैसे लावता येतात आणि नोंद वाचण्याचे लावता येत नाहीत, ही दुकानदाराची अडचण मी समजू शकतो. पण ती ग्राहकाची अडचण नाही, आणि तिला तांत्रिक सल्ल्याचे रूप देणे मला मान्य नाही.

ड्रायव्हरचा मुद्दा आपण मोठ्या आवेशाने मांडला आहे. क्लीन बूटने ड्रायव्हर बंद होत नाहीत, हे खरे आहे आणि ते मला माहीत आहे; म्हणूनच लेखाच्या तिसऱ्या टप्प्यात सेफ मोड (अगदी आवश्यक तेवढ्याच ड्रायव्हरांवर विंडोज सुरू करणे) आणि ऑटोरन्स (आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी दाखवणारे मायक्रोसॉफ्टचे साधन) यांची माहिती दिली आहे. आपण तिथवर वाचले असते, तर ते वाक्य लिहिले नसते. आपण न मांडलेली एक गोष्ट मात्र मराठी वाचकांसाठी मीच सांगतो. मराठी टंकनासाठी टाकलेली इनपुट सॉफ्टवेअरही विंडोजच्या रचनेनुसार आपली डीएलएल प्रत्येक प्रोग्रामच्या आत जाऊन चालवतात. ती सर्व्हिस नसतात, त्यामुळे क्लीन बूटमध्ये दिसतही नाहीत. प्रोग्राम उघडत नसेल, तर भाषेच्या सेटिंगमधून तो कीबोर्ड तात्पुरता काढावा, बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे आणि मग प्रोग्राम उघडून पाहावा.

अँटिव्हायरसबद्दल एवढेच सांगतो की ‘आधी इंटरनेट तोडा, चाचणी झाली की लगेच अँटिव्हायरस चालू करा’ हे माझ्या लेखात त्याच परिच्छेदात ठळक अक्षरांत आहे. त्यावर आणखी वाद घालण्यात मला रस नाही.

फॉरमॅट कधीच करू नये, असे मी म्हटलेले नाही. डिस्कवरच्या सिस्टिमच्या फाइली बिघडल्या असतील आणि दुरुस्तीच्या आज्ञांनीही त्या सुधारत नसतील, तर विंडोज पुन्हा टाकावेच लागते. एक प्रोग्राम उघडत नाही आणि बाकी सगळे सुरळीत चालते, अशा संगणकावर ते करण्याला माझा विरोध आहे.

आपल्या दुकानात असा संगणक यापुढे आला, तर फॉरमॅटसाठी पेन ड्राइव्ह लावण्यापूर्वी १००० क्रमांकाच्या नोंदीतल्या चार गोष्टी उतरवून घ्या: प्रोग्रामचे नाव, मॉड्यूलचे नाव, एक्सेप्शन कोड (बिघाडाचा प्रकार सांगणारा क्रमांक) आणि मॉड्यूलचा पूर्ण पत्ता. ग्राहकाची ओळख वगळून त्या इथे लिहा. त्यावर मी माझ्या कुवतीप्रमाणे उत्तर देईन आणि माझे उत्तर चुकीचे वाटले तर आपण ते कारणांसह खोडून काढा; तशा प्रतिक्रियेचे मी स्वागतच करेन.